आपल्या डॉक्टरांनी ओपीजी किंवा सीबीसीटी लिहून दिले असल्यास

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या काढला जाणारा छोटा एक्स-रे दोन-तीन दातांपुरता असतो आणि बहुतेक तक्रारींना तेवढा पुरतो. दोन दातांच्या फटीत लागलेली कीड तर त्यातच सर्वांत स्पष्ट दिसते. तेवढ्यासाठी आमच्या दादरच्या एक्स-रे केंद्रापर्यंत येण्याची गरज नाही, हे आधीच सांगितलेले बरे. इथे येणाऱ्या चिठ्ठ्या त्यापुढच्या प्रश्नांसाठी असतात.

ओपीजी या मोठ्या एक्स-रेमध्ये दोन्ही जबडे एकाच सपाट चित्रात येतात. यंत्र डोक्याभोवती साधारण १५ सेकंद फिरते आणि तेवढा वेळ पुढच्या दातांत प्लास्टिकची एक छोटी पट्टी धरून स्तब्ध उभे राहायचे असते. त्या पट्टीखेरीज तोंडात काही ठेवावे लागत नसल्याने, सुपारी-गुटख्यामुळे ज्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, त्यांनाही ही तपासणी सहज करता येते. मात्र कानातले, चमकी, मंगळसूत्र, चष्मा, केसांतल्या पिना आणि कवळी काढून ठेवावी लागते. डाव्या कानात राहिलेल्या कुडीची पुसट, मोठी सावली चित्रात उजव्या बाजूला आणि थोडी वर उमटते आणि नेमकी पाहायची जागा झाकू शकते. अंगठीला हरकत नाही.

सपाट चित्राची अडचण अशी की, पुढचे आणि मागचे त्यात एकावर एक येते. खालच्या अक्कलदाढेची मुळे जबड्यातल्या नसेच्या नळीवर टेकलेली दिसतात, पण नस मुळांच्या गालाकडच्या बाजूने जाते, जिभेकडच्या बाजूने, की दोन मुळांच्या मधून, हे ओपीजीवरून सांगता येत नाही. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना याच नसेतून येत असल्याने हा प्रश्न किरकोळ नाही. सीबीसीटी म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन; त्याच्या चित्रात जबड्याचे एक मिलिमीटरहूनही बारीक काप पाहता येतात. ते पाहून हाड कोणत्या बाजूने कापायचे, की दाढेचा फक्त वरचा भाग काढून मुळे तशीच ठेवायची, हे शल्यचिकित्सक ठरवू शकतात. रूट कॅनल होऊनही वरची पहिली दाढ ठणकत राहिली, तर तिच्या गालाकडच्या पुढच्या मुळात चौथी, बारीक नलिका राहून गेली आहे का, हेही या कापांत शोधता येते. इम्प्लांटपूर्वी, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात स्क्रू बसवण्यापूर्वी, हाडाची उंची ओपीजीत कळते, रुंदी कळत नाही.

तरीही सीबीसीटी म्हणजे सर्व काही दाखवणारा आरसा नव्हे. धातूच्या कॅपभोवती पांढऱ्या-काळ्या रेघा उमटतात आणि मुळाची बारीक चीर त्यांत हरवू शकते. जबड्याच्या सांध्यातली गादी पाहायची असेल, तर एमआरआयच करावा लागतो. म्हणून चिठ्ठीवर केवळ ‘सीबीसीटी’ असे न लिहिता कोणता दात आणि कोणती शंका, हे डॉक्टरांकडून लिहून आणावे, असा आमचा आग्रह असतो. शंका एकाच दाढेची असेल, तर पूर्ण जबड्याऐवजी तेवढ्याच भागाचे चित्र घेता येते, आणि किरणांची मात्राही कमी होते.

मात्रेविषयी अनेक जण काळजीने विचारतात. ओपीजीची मात्रा साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) असते. निसर्गातून जगभर सरासरी वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट किरणे अंगावर येतच असतात, म्हणजे एक ओपीजी अशा दीड ते चार दिवसांच्या बरोबरीचा झाला. सीबीसीटीची मात्रा भागाच्या आकारानुसार दहाच्या काही पटींपासून काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जाते; ती घाबरण्याइतकी नसली, तरी विनाकारण घेण्यासारखीही नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे अधिक काटेकोरपणे पाहावे लागते. गर्भवती असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास तपासणीपूर्वीच सांगावे. अशी यंत्रे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्यानेच चालवता येतात. आमचा परवाना स्वागतकक्षात लावलेला आहे आणि तो अवश्य वाचावा.

जुना एक्स-रे असल्यास सोबत आणावा, कारण सहा महिन्यांपूर्वीच्या चित्राशी तुलना केल्यावर मुळाशी असलेली काळी छटा वाढते आहे की भरून येते आहे, हे कळते. सीबीसीटीची मूळ फाइल आम्ही पेनड्राइव्हवर देतो, ती डॉक्टरांकडे तशीच न्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत एकच काप दिसतो, आणि डॉक्टरांना पुढे-मागे सरकवून शेजारचे काप पाहायचे असतात.