रिमोटच्या हेलिकॉप्टरमधल्या रिसीव्हरच्या अँटेनाची वायर जितकी बाहेर, तितकी रेंज जास्त?

नाही. जुन्या ३५ मेगाहर्ट्झ रेडिओ सेटला मीटरभर वायर ताणून ठेवावी लागे. ती सवय आताच्या २.४ गिगाहर्ट्झ सेटलाही चिकटली. इथे सिग्नल पकडतं ते वायरचं उघडं टोक, साधारण ३१ मिलिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबी. मागची आवरणातली वायर, म्हणजे कोअ‍ॅक्स नुसती वाहक. ती फ्रेमला टायने बांधली तरी चालते, फक्त करकचून दुमडू नका.

टोक मात्र कार्बनच्या प्लेटमागे किंवा बॅटरीला चिकटून नको. कार्बन फायबर सिग्नल अडवतं. दोन अँटेना असतील तर टोकं एकमेकांशी ९० अंशांत, प्लास्टिकच्या नळीत घालून बाहेर काढा. टोकाच्या रेषेत सिग्नल जवळजवळ मिळत नाही, तेव्हा दुसरी अँटेना सावरते. लोंबतं म्हणून टोक कापणारेही असतात. लांबी चुकली की रेंज गेली. रेंज चेक करताना हेली चारही बाजूंनी फिरवा.