सर्चमध्ये फाइल सापडली म्हणजे व्हायरस आहे का?

वर्षानुवर्षे फिरणारा निरोप असा: ‘सर्चमध्ये अमुक नाव टाका. फाइल दिसली तर तो व्हायरस आहे, लगेच डिलीट करा, सगळ्यांना कळवा.’

२००२ च्या सुमारास असाच ‘जेडीबीजीएमजीआर’ फाइलचा निरोप फिरला. फाइलचं आयकॉन होतं टेडी बेअर! निरोपात सांगितलेल्या जागीच ती मिळाली आणि वर सिस्टिम फोल्डरमध्ये अस्वल, मग शंका येणारच. प्रत्यक्षात ती विंडोजसोबतच येणारी, जावा प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला लागणारी फाइल होती. ज्या विंडोजमध्ये ती मुळातच असायची, तिथे ती सापडणारच. निरोप खरा वाटायचा तो यामुळेच.

सर्च फक्त नाव जुळवतो. फाइल चांगली की वाईट, हे त्याला कळत नाही. ‘हिडन’ असणं हाही पुरावा नव्हे. चुकून हात लागू नये म्हणून विंडोज स्वतःच कित्येक फाइल लपवते.

मग तपासायचं कसं? आधी जागा पाहा. ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल विंडोजमधल्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये असणं नेहमीचं. तीच डाउनलोड्समध्ये दिसली तर संशय रास्त, कारण व्हायरस ओळखीची नावं उचलतात. त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती त्याच जागी आहे का, तेही बघा. मग अँटिव्हायरसने त्या एकाच फाइलचं स्कॅन करा.

तोवर डिलीट करू नका. आधीच केली असेल तर रिसायकल बिन उघडा, बहुधा तिथेच असेल.