चुंबक चिकटत नाही म्हणून स्टील गंजणार नाही?

बारीक पायांची बैठी टेबले, एका दांड्यावरचे उभे दिवे असे स्टेनलेस स्टीलचे सुटसुटीत सामान रत्नागिरी-मालवणकडच्या घरांत हल्ली दिसू लागले आहे आणि ते घेताना दुकानात लोहचुंबक लावून पाहण्याची प्रथा अजून टिकून आहे; चुंबक चिकटला नाही की ‘अस्सल आहे, गंजणार नाही’ असे ठरून जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले स्वस्त २०२, नेहमीचे ३०४ आणि महागडे ३१६ या स्टेनलेस स्टीलच्या तिन्ही ग्रेडना, म्हणजे प्रतींना, चुंबक सहसा चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ची नळी वाकवली, तर त्या बाकापाशी तो किंचित चिकटू शकतो. गंज रोखतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि खाऱ्या हवेतील क्लोराइड नेमका तोच जागोजागी फोडते. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक तग धरते, अभेद्य मात्र तेही नव्हे.

गंमत अशी की खळ्यात पावसात भिजणाऱ्या खुर्चीपेक्षा पडवीतल्या खुर्चीवर तांबूस डाग लवकर उमटू शकतात, कारण पडवीत साचलेले मीठ धुऊन न्यायला पाऊस पोहोचत नाही. तेव्हा हे सामान अधूनमधून गोड्या पाण्याने पुसून कोरडे करावे, सतरंजीवर टेकणारे पायांचे तळही त्यात आले. लोखंडी तारेची घासणी वापरू नये. तिचे कण पृष्ठभागात अडकून तेच गंजतात. खरेदीच्या वेळी चुंबक काढण्याऐवजी बिलावर ग्रेड लिहून मागावी.