गोळीत खोट की पोटातल्या जंतूंची करामत? डिगॉक्सिनची दोन कोडी

समजा, हृदयविकाराच्या एका पेशंटला डिगॉक्सिन चालू आहे. रोज पाव मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातले पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. आपल्याकडे बरेच डॉक्टर असंच लिहून देतात. तीन महिन्यांपूर्वी रक्तातली पातळी दर मिलिलिटरला ०.८ नॅनोग्रॅम होती, आता १.९ आली. डोस तोच, किडनीचे रिपोर्ट तेच. घरचे म्हणतात, "या वेळी दुसऱ्याच कंपनीची पट्टी मिळाली होती." केमिस्ट म्हणतो, "कंटेंट तोच आहे हो, फक्त कंपनी वेगळी." मधल्या काळात छातीत कफ झाला म्हणून आठवडाभर अँटिबायोटिक घेतलं होतं, पण ते फाइलवर कुणीच लिहिलेलं नाही.

संशय घ्यावा अशा इथे दोन गोष्टी आहेत. एक, गोळी: ती किती विरघळली आणि तिच्यातलं औषध किती शोषलं गेलं. दुसरी, आतड्यातले जंतू: शोषण होण्याआधी त्यांनी किती औषध निकामी केलं. रिपोर्टवर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, एक आकडा वर किंवा खाली. कारणं मात्र वेगळी, तपासायच्या जागा वेगळ्या आणि उपायही वेगळे. गंमत अशी की ही दोन्ही कोडी एकाच संशोधकाने, एकाच औषधावर, दहा वर्षांच्या अंतराने सोडवली.

ते म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेले जॉन लिंडेनबॉम. रक्तविकार आणि अपशोषण, म्हणजे आतड्यातून अन्नघटक नीट आत न जाणं, हे त्यांचे विषय. साठच्या दशकात ढाक्याला कॉलरावरही त्यांनी काम केलं होतं. आतड्यातून काय आत जातं आणि काय जात नाही, याकडे त्यांचं लक्ष जाणं स्वाभाविकच होतं. त्यांचे सहकारी विन्सेंट बटलर डिगॉक्सिन ओळखणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करणाऱ्यांपैकी. या प्रतिपिंडांमुळे रक्तातलं नॅनोग्रॅमभर औषध मोजता येऊ लागलं आणि पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं.

१९७१ साली त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना आळीपाळीने बाजारातल्या चार प्रकारच्या डिगॉक्सिन गोळ्या दिल्या. डोस सारखाच, माणसं तीच. तरी रक्तातल्या सर्वोच्च पातळीत सातपटीपर्यंत फरक निघाला. गोळीत औषध किती आहे हे त्या काळची मानकं मुख्यतः पाहत. ते गोळीतून बाहेर किती पडतं याकडे फारसं कुणी पाहत नव्हतं. डिगॉक्सिनच्या गोळीत औषध असतं जेमतेम पाव मिलिग्रॅम, उरलेलं सगळं लॅक्टोज, स्टार्च वगैरे भरण. औषधाचे कण जाडे राहिले किंवा भरणात नीट मिसळले नाहीत, तर गोळी फुटते पण औषध सावकाश सुटतं. १९७३ मध्ये लिंडेनबॉम यांनीच दाखवलं, की काचेच्या भांड्यात गोळी किती वेगाने विरघळते यावरून ती माणसाच्या रक्तात किती पोहोचेल याचा बराचसा अंदाज येतो. डिझोल्यूशन टेस्टला वजन आलं ते अशा कामामुळे. ही टेस्ट म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या द्रवात, ठरलेल्या वेगाने ढवळत, पहिल्या फेरीत सहा गोळ्या आणि ठरावीक मिनिटांनी द्रवात किती औषध उतरलं याची मोजणी.

"जेनेरिक म्हणजे हलकी" म्हणणाऱ्यांनी ब्रिटनचा प्रसंग लक्षात ठेवावा. तिथे १९६९ मध्ये डिगॉक्सिनचा मूळ ब्रँड लॅनॉक्सिन, त्याचीच बनवण्याची पद्धत बदलली आणि गोळीतून मिळणारं औषध घटलं. मे १९७२ मध्ये पद्धत पुन्हा दुरुस्त झाली आणि तीच गोळी जवळपास दुप्पट लागू पडू लागली. रंग तोच, नाव तेच. कमी लागू पडणाऱ्या गोळ्यांवर ज्यांचा डोस वाढवून बसवला होता, त्यांना आता विषबाधेचा धोका होता, म्हणून डॉक्टरांना सावध करावं लागलं. म्हणजे खोट ब्रँडमध्येही असू शकते, आणि दुरुस्तीनेही नुकसान होऊ शकतं.

आता दुसरं कोडं. काही पेशंट असे, की चांगली गोळी भरपूर डोसमध्ये देऊनही रक्तात औषध दिसायचंच नाही. त्यांच्या लघवीत डिगॉक्सिनचं एक बदललेलं रूप सापडे, डायहायड्रोडिगॉक्सिन. रेणूतल्या लॅक्टोन कड्यातला एक दुहेरी बंध मोडला की हे तयार होतं, आणि मग हृदयाच्या पेशींतल्या सोडियम-पोटॅशियम पंपावर त्याची पकड फारशी बसत नाही. साधारण दहातल्या एका माणसात लघवीतून जाणाऱ्या औषधापैकी ४० टक्के किंवा अधिक अशा निकामी रूपात असतं. हे काम यकृताचं की आणखी कुणाचं? १९८१ साली लिंडेनबॉम यांच्या गटाने अशा लोकांना पाच दिवस एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन दिलं. निकामी रूप लघवीतून जवळपास नाहीसं झालं आणि रक्तातली डिगॉक्सिनची पातळी काहींत दुपटीपर्यंत चढली. आरोपी सापडला: मोठ्या आतड्यात प्राणवायूशिवाय जगणारा एक जंतू, तेव्हाचं नाव युबॅक्टेरियम लेंटम, आजचं एगरथेला लेंटा.

इथे एक बारकावा हमखास निसटतो. हा जंतू पोटात असणं आणि त्याने औषध निकामी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ मध्ये पीटर टर्नबॉ यांच्या गटाने दाखवलं, की एगरथेला लेंटाच्या काही वाणांतच त्यासाठीचा जनुकसंच असतो. शिवाय आर्जिनिन हे अमिनो आम्ल भरपूर मिळालं की तो संच थंडावतो. जास्त प्रथिनं खाऊ घातलेल्या उंदरांत औषध कमी वाया गेलं. उंदरांतला हा निष्कर्ष उचलून पेशंटला अंडी वाढवायला सांगण्याइतका पुरावा मात्र नाही. विष्ठेची "मायक्रोबायोम टेस्ट" करून जंतूचं नाव मिळेल, डोस ठरवता येणार नाही.

जंतूंची ही सवय भूगोलाप्रमाणेही बदलते. वेल्लोरचे व्ही. आय. माथन आणि लिंडेनबॉम यांनी १९८९ साली छापलेल्या तुलनेत दक्षिण भारतातल्या २०४ निरोगी लोकांपैकी २८ जणांत, म्हणजे १३.७ टक्क्यांत, डिगॉक्सिनची निकामी रूपं कमी-अधिक प्रमाणात सापडली. न्यूयॉर्कच्या १८६ पैकी ६७ जणांत, म्हणजे ३६ टक्क्यांत. गोळीचा दोष असा माणसागणिक बदलत नाही. खराब बॅच ती घेणाऱ्या सगळ्यांना कमी-अधिक बाधते, जंतू मात्र ज्याच्या पोटात असतील त्यालाच.

पण ही दोन कोडी अगदी परकीही नाहीत. डिगॉक्सिन मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं आणि हे जंतू राहतात मोठ्या आतड्यात. गोळी झटकन विरघळली तर औषध वरच्या वरच आत जातं, जंतूंच्या वाट्याला थोडंच उरतं. सावकाश विरघळणारी गोळी खाली सरकत जाते आणि उरलेलं औषध थेट जंतूंच्या ताटात वाढते. लिंडेनबॉम यांच्या गटाने हेही तपासलं: डिगॉक्सिन द्रवरूपात कॅप्सूलमध्ये भरून दिलं, तेव्हा निकामी रूपं कमी झाली. म्हणून जंतू असलेल्या माणसाला हलक्या गोळीचा फटका दुहेरी बसतो.

आजच्या जेनेरिक गोळीला बाजारात येण्याआधी ज्या जैवसमतुल्यता चाचणीतून जावं लागतं, ती या दोनपैकी फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. साधारण दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवक. प्रत्येकाला एकदा मूळ गोळी, एकदा नवी. दोन्हींमध्ये औषधाच्या किमान पाच अर्धायुष्यांचा खंड; अर्धायुष्य म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ. डिगॉक्सिनचं अर्धायुष्य दीड-दोन दिवसांचं, म्हणजे आठवडा-दहा दिवस थांबावं लागतं. रक्तातली सर्वोच्च पातळी आणि पातळीच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ (म्हणजे एकूण किती औषध रक्तात पोहोचलं), या दोन्हींच्या नवी-मूळ गुणोत्तराची ९० टक्के विश्वासमर्यादा ८० ते १२५ टक्क्यांत बसली पाहिजे. याचा "जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असतं" असा अर्थ लावणारे भरपूर भेटतात, आणि तो साफ चूक आहे. सरासरीच नाही, तर तिच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता धरून अख्खा पल्ला त्या कुंपणात मावावा लागतो. सरासरी १०० पासून फार सरकली तर पल्ला बाहेर जातो. अमेरिकेत १९९६ ते २००७ मधल्या २,०७० चाचण्या तपासल्या तेव्हा मूळ आणि जेनेरिक यांच्यातला सरासरी फरक क्षेत्रफळात ३.५६ टक्के आणि सर्वोच्च पातळीत ४.३५ टक्के निघाला. डोसात थोडाही फरक ज्यांना सोसत नाही अशा औषधांसाठी युरोपात कुंपण आणखी आवळून ९० ते १११ टक्के ठेवतात. भारतात, ज्यांची विद्राव्यता कमी आहे अशा औषधांना ही चाचणी २०१७ च्या नियमबदलाने सक्तीची झाली.

या चाचणीची खुबी अशी, की प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. त्याच्या पोटातले जंतू दोन्ही वेळा तेच, म्हणून ते हिशेबातून बाहेर पडतात. मुद्दामच पाडलेले असतात. त्यामुळे चाचणीत उत्तम उतरलेली गोळीही एखाद्याच्या पोटात निम्मी वाया जाऊ शकते, आणि त्याच्याच पोटात मूळ ब्रँडही तितकाच वाया जाईल.

मग वरच्या पेशंटचं काय? आधी रिपोर्टच तपासायचा. रक्त गोळी घेतल्यावर किमान सहा तासांनी काढलं होतं का? लवकर काढलं तर आकडा फसवा वर दिसतो. मग पट्टीवरचं कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि पट्टी बदलल्याची तारीख. औषधाची पातळी स्थिरावायला साधारण आठवडा लागतो, म्हणून नवी पट्टी सुरू केल्यावर दोन दिवसांत काढलेल्या आकड्यावरून गोळीला दोष देऊ नये. त्यानंतर अँटिबायोटिकची चौकशी: नाव, तारखा, किती दिवस. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर जंतूंखेरीज आणखी एक वाट आहे. ही औषधं आतड्यातला आणि किडनीतला पी-ग्लायकोप्रोटीन हा पंपही अडवतात; डिगॉक्सिन बाहेर फेकणारा तोच. कॅनडातल्या ओंटारिओत क्लॅरिथ्रोमायसिनसोबत डिगॉक्सिनच्या विषबाधेने दवाखान्यात भरती होण्याचा धोका सुमारे १५ पट आढळला. एवढी वाढ एकट्या जंतूंच्या माथी मारता येत नाही, कारण जंतूंची करामत थोड्याच लोकांत असते. उलट टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू असेल तर हाच पंप वाढतो आणि आकडा खाली येतो.

मळमळ, जेवणावरची वासना उडणं, वस्तू पिवळट-हिरवट दिसणं, नाडी मंदावणं असं काही असेल तर हा तपास नंतर; आधी डॉक्टर, ईसीजी आणि पोटॅशियम. तसं काही नसेल तरी डोस आपल्या मनाने कमी करायचा नाही. अँटिबायोटिक थांबलं की पंपावरचा परिणाम काही दिवसांत ओसरतो, जंतूंची वस्ती परत जमायला मात्र बराच वेळ लागू शकतो. म्हणून एकदा पातळी तपासून डोस घटवला आणि तिथेच सोडलं, तर जंतू परतल्यावर तोच डोस अपुरा पडेल. पुढची तपासणी अँटिबायोटिक संपल्यावर आठवड्याने आणि त्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा, अशी दोनदा लिहून घ्यावी, आणि तोवर पट्टी एकाच कंपनीची ठेवावी.