बारावीनंतर वर्ष सोडून फार्मसीला जाताय? तुमचा दाखला कुठे आहे ते आधी पाहा

‘गॅप घेतला तर फार्मसीला प्रवेश मिळतो का?’ मे ते ऑगस्ट हा प्रश्न आमच्या प्रवेश अर्ज भरून देणाऱ्या काउंटरवर रोज येतो. मिळतो. वर्षाचा खंड पडला म्हणून बी.फार्म. (पदवी) किंवा डी.फार्म.ला (पदविका) कोणी अपात्र ठरत नाही, आणि गुणवत्ता यादीत त्याचे गुणही कापले जात नाहीत. मुले अडकतात ती कॉलेज सोडल्याच्या दाखल्यापाशी.

होते असे. सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, मनासारखे पर्सेंटाइल येत नाही आणि मुलगी पुन्हा परीक्षा द्यायचे ठरवते. नुसते घरी बसण्यापेक्षा बरे म्हणून पालक जवळच्या कॉलेजात एफ.वाय.बी.एस्सी.ला नाव घालतात. तिथे मूळ दाखला जमा होतो. दिवाळीनंतर मुलगी कॉलेजला जातच नाही, त्यामुळे घरात सगळे त्याला गॅपच म्हणू लागतात. पुढच्या जुलैत आमच्याकडे येतात ते गॅपचे प्रतिज्ञापत्र करून द्या म्हणून.

अशा वेळी आम्ही ते करून देत नाही, आणि काही जण नाराज होऊन जातात. पण या प्रतिज्ञापत्रात ‘या काळात कोठेही प्रवेश घेतला नव्हता’ असे शपथेवर लिहायचे असते. कॉलेजात नाव असताना तसे लिहिले तर ती खोटी शपथ होते, आणि उघडकीस आली की मिळालेला प्रवेशही धोक्यात येतो. बी.एस्सी.च्या कॉलेजकडून परत मिळणाऱ्या दाखल्यावर प्रवेशाची आणि कॉलेज सोडल्याची तारीख छापलेली असते, तेव्हा लपत काहीच नाही.

बी.एस्सी.ला नाव घातले यात चूक काही नाही. ते तसेच सांगा. मग गॅपचे प्रतिज्ञापत्र लागत नाही, त्या कॉलेजचा दाखला लागतो. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रही. दाखला मागितला आणि हातात पडला असे मात्र होत नाही. आधी ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचे ना-देय (काही देणे बाकी नसल्याचे) प्रमाणपत्र, उरलेली फी, मग अर्ज, मग प्राचार्यांची सही. कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत जागा लागल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजकेच दिवस असतात. त्यात घाटात दरड आली किंवा गणपतीची सुट्टी लागली तर राजापूर-देवगडच्या मुलाने कराडला मूळ कागद कधी पोचवायचे? म्हणून दाखला एप्रिल-मेमध्येच सोडवून आणा. आणि कुठेही मूळ दाखला देण्याआधी त्याचे दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन करून ठेवा.

वर्ष खरोखर रिकामे गेले असेल तर प्रतिज्ञापत्र सोपे आहे. बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच पूर्ण नाव, उत्तीर्ण झाल्याचा महिना व वर्ष, खंडाचे कारण, आणि खंडाचे शैक्षणिक वर्ष. इथे एक गोष्ट हमखास चुकते. २०२५ ला बारावी झालेला आणि २०२६-२७ ला प्रवेश घेणारा विद्यार्थी ‘२०२५ ते २०२६, दोन वर्षे’ असे लिहून मोकळा होतो. त्याचा खंड एकच वर्षाचा, २०२५-२६. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना खंडाची माहिती पुन्हा द्यावी लागते. तिथला आकडा आणि प्रतिज्ञापत्र जुळले नाही की अर्ज परत येतो. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर प्रतिज्ञापत्र पालकांनी करायचे. ते किती रुपयांच्या मुद्रांकावर हवे, हे जागा लागलेल्या कॉलेजला विचारूनच करा.

वर्ष कशासाठी घेताय तेही एकदा तपासा. बी.फार्म.ची यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. मागच्या वर्षीचे गुण यंदा चालत नाहीत, अर्ज नव्याने भरावा लागतो. बारावीचा निकाल लागला की बघू, अशी सवय असते. तुमचा निकाल तर हातातच आहे, आणि सीईटीची नोंदणी निकालाच्या कितीतरी आधी बंद होते. डी.फार्म.ला सीईटी नाही, तिथे बारावीचे गुण धरतात. म्हणजे डी.फार्म.च हवे असेल तर वर्षभर सीईटीचा क्लास लावून यादीतला नंबर वर सरकणार नाही. मेडिकल दुकानात केलेली नोकरीही डी.फार्म.च्या ५०० तासांच्या प्रशिक्षणात धरत नाहीत, कारण ते प्रशिक्षण अभ्यासक्रमाच्या शेवटी असते. अनुभव म्हणून जरूर करा.

दाखल्यांपैकी जातीचा दाखला आणि जात वैधता पुन्हा काढावी लागत नाही. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, २०२६-२७ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवे. ईडब्ल्यूएसचा दाखलाही त्या-त्या वर्षाचाच. दोन्हींसाठी एप्रिलमध्ये सेतूत अर्ज टाका, जूनमध्ये तिथे रांग असते. जात वैधता झाली नसेल तर मोकळ्या वर्षाचा सर्वांत चांगला उपयोग तोच. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यात घाईने पैसे भरण्याआधी हे लक्षात घ्या.

आमच्याकडे सीईटीच्या अर्जाबरोबर कागदांची तपासणी करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पासवर्ड आणि मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, म्हणून विद्यार्थ्याने स्वतः, ओटीपी येणारा मोबाइल घेऊन यावे. सोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार आणि मूळ दाखला आणावा. दाखला दुसरीकडे जमा असेल तर त्या कॉलेजची फीची पावती आणा, म्हणजे तो सोडवण्याचा अर्ज त्याच दिवशी लिहून देता येईल.