जुनेर आणि जुन्या कपड्यांचा बाजार (खान्देश)

जुनेर म्हणजे वापरून वापरून मऊ पडलेलं, रंग उतरलेलं पण अजून अंगावर घालता येईल असं कापड. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असे कपडे विकत घ्यायची रीत फार जुनी आहे, आणि पीक हातचं गेलं, कापसाचा भाव पडला, कामधंदा बसला की ही खरेदी लगेच वाढते. शहरातली पोरं आता याला थ्रिफ्ट नाहीतर विंटेज म्हणतात, आठवडे बाजारात मात्र सरळ 'जुना माल' किंवा 'सेकंडचा माल'.

खान्देशात पैशाची ओढाताण कधी होते ते कापसावर ठरतं. दिवाळीच्या आगेमागे वेचणीचा पैसा हातात येतो आणि नवे कपडे त्याच वेळी होतात, पण जूनमध्ये बियाणं, खत, पेरणी आणि शाळा सगळं एकदम अंगावर येतं. तेव्हा वरच्या वर्गातल्या पोराचा युनिफॉर्म अर्ध्या किमतीत नाहीतर नुसता मागून घेतात, पँटची खालची दुमड उसवून दोन बोटं लांब करतात आणि पोरगं शाळेत जातं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, त्याच्या आधीच्या वर्षी नोटबंदी, नंतर २०२० चं लॉकडाऊन, अशा वर्षांत सणासुदीची खरेदीसुद्धा जुन्या मालावर येते. ज्या मातीत कापूस पिकतो तिथल्याच माणसाला कापड परवडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माल येतो कुठून? बराचसा दारातूनच. बोहारीण डोक्यावर स्टीलची भांडी नाहीतर प्लास्टिकचे टब घेऊन गल्लीत येते आणि जुन्या कपड्यांवर भांडं देते. या धंद्यात गुजरातकडून आलेले देवीपूजक समाजाचे लोक खूप आहेत. तिच्यासमोर कपड्यांचा ढीग टाकला की ती आधी पुरुषांच्या पँटी आणि जीन्स बाजूला काढते, कारण त्या लगेच विकल्या जातात, मग साड्या दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरते, विरलेली दिसली की "ही नको ताई" म्हणून परत टाकते आणि मग एका पातेल्यासाठी अजून दोन साड्या मागते, घरातली बाई एकच देते, बोहारीण उठून चालायला लागते, चार पावलांवरून परत येते. हे अर्धा-अर्धा तास चालतं आणि दोघींनाही कापड कळत असतं. निवडलेला माल धुऊन, शिवून, इस्त्री करून बाजारात ताडपत्रीवर येतो, आणि तिथे अहिराणीत पहिला प्रश्न "कितलाले?", म्हणजे केवढ्याला.

स्वेटर, जॅकेट यांचा रस्ता वेगळा. परदेशातून घालण्यालायक जुने कपडे आणायला आपल्याकडे लायसन्स लागतं, फाडून चिंध्या केलेला माल मात्र येतो आणि पानिपतला त्यातली लोकर पिंजून पुन्हा सूत निघतं, त्याची स्वस्त घोंगडी होतात. तरी फॉरेनचा माल म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे बाजारात दिसतात. सातपुड्यात त्याला खरी किंमत आहे. अक्कलकुवा तालुक्यात डाबसारख्या गावात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, तिथे जाड जुना स्वेटर ही चैन नसते.

जुन्या शर्टाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मला विचाराल तर कापूस वेचणारी बाई. साडीवरून पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घालायचा, बटणं गळ्यापर्यंत लावायची, म्हणजे ऊन लागत नाही आणि सुकलेल्या बोंडाची टोकं हाताला ओरबाडत नाहीत. कंबरेला जुन्या लुगड्याची ओटी, त्यात कापूस. ओटी सुतीच पाहिजे, प्लास्टिकच्या गोणीचे धागे कापसात गेले की जिनिंगमध्ये तो कापूस बाद धरतात. नवा शर्ट यासाठी कोणी घेणार नाही, आणि घेऊ पण नये, मळलेला-धुतलेला सुती शर्टच घाम शोषतो.

आधीच्या काळातली गोष्ट अशी की दुसऱ्या महायुद्धात कापडाचा तुटवडा एवढा झाला की सरकारने १९४३ ला कापडावर नियंत्रण आणलं आणि गरिबांसाठी स्वस्त 'स्टँडर्ड क्लॉथ' काढलं. खान्देशात तेव्हा मिल होत्या, जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल. पुढे त्या बंद पडल्या.

जुना कपडा बघून घ्यायचा असतो. काख, कॉलर आणि पँटचा बसायचा भाग आधी बघायचा, कारण कापड तिथेच आधी विरतं. शिवण दोन्ही बाजूंनी ओढायची. डाग चालतो, विरलेलं चालत नाही. घरी आणल्यावर मीठ टाकलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवायचा आणि उलटा करून कडक उन्हात वाळवायचा, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, उन्हाची काही कमी नाही.

विंटेज म्हणून खरी किंमत आहे ती जरीला. जुन्या शालू-पैठणीत चांदीची तार रेशमी धाग्यावर गुंडाळलेली असते, हल्लीच्या बऱ्याच साड्यांत नुसती प्लास्टिकची जर. "जुनी जरीची साडी..." अशी हाळी देत येणारे लोक पदराचा एक धागा काढून जाळून बघतात, प्लास्टिक असेल तर वितळून गोळा होतो, चांदी असेल तर धातू मागे राहतो. अडचणीच्या वर्षी कितीतरी घरांनी सासूचा शालू असा वजनावर दिलाय. माझं म्हणणं एवढंच की द्यायचाच असेल तर आधी सराफाकडे तपासून घ्या, आणि अख्खा चांगला शालू असेल तर चांदी काढण्यासाठी जाळायला देऊ नका, तो नेसणारं कोणी मिळतं.

दुसऱ्याचं उतरलेलं घालायला लाज वाटते हे आहेच, आणि गेलेल्या माणसाचे कपडे बरेच जण घरात ठेवत नाहीत. पण त्याच घरात बाळ जन्मलं की पहिले कपडे जुन्याचेच असतात, आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी आणि आजोबांच्या धोतराची लंगोटं, नवं कापड त्या कातडीला टोचतं म्हणून. आणि शेवटी सगळं गोधडीत जातं, वरून चांगल्या साडीचा थर, आत बोहारणीनेही परत टाकलेलं.