इंद्रजाल कॉमिक्स नंबर 1: वेताळाच्या पट्ट्यामागची गोष्ट

इंद्रजालचा पहिला अंक आला मार्च 1964 मध्ये, इंग्रजीत, टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीकडून, आणि नाव होतं 'द फँटम्स बेल्ट'. म्हणजे आपल्या वेताळाचा, त्या रानात राहणाऱ्या मुखवटेवाल्या नायकाचा, पट्टा. जुने अंक जमवणारे ह्या एका अंकासाठी जीव टाकतात, पण गंमत अशी की आतलं जवळजवळ काहीच तेव्हा नवीन नव्हतं.

गोष्ट ली फॉकची. ह्या माणसाने 1934 ला मँड्रेक जादूगार काढला, 1936 ला फँटम, आणि 1999 ला वारला तोवर लिहितच होता. चित्रं विल्सन मॅकॉयची. फँटम सुरू केला रे मूरने, त्याची चित्रं काळोखी, सावल्यांची, आणि 40 च्या दशकात मॅकॉयने ते काम हातात घेतल्यावर सगळं साधं सरळ झालं, काहींना ते बाळबोध वाटतं, मला आवडतं. पण मॅकॉय 1961 लाच गेला होता, म्हणजे आपल्याकडच्या पोरांनी पहिला अंक उघडला तेव्हा चित्रकार जाऊन तीन वर्षं झालेली आणि तिकडे अमेरिकेत नव्या चित्रकाराचा, साय बॅरीचा, फँटम चालू होता.

मूळ गोष्ट 50 च्या दशकातली, पेपरात रोज एक पट्टी अशी आलेली. वेताळाच्या बापाला मारून त्याचा पट्टा पळवणारा चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, आणि त्याच्या मागावर निघालेला मुलगा, एवढंच कथानक, पण घट्ट आहे. आता रोजच्या पट्टीत काल काय झालं ते परत सांगावं लागतं, पुस्तकात तेच सलग वाचताना कंटाळा येतो, म्हणून मग कापाकापी, चौकटी पुढेमागे करणं, वर काळ्यापांढऱ्या चित्रांना रंग. हे सगळं करणाऱ्यांची नावं कुणाला माहीत असतात! कव्हरवाले बी. गोविंद तेवढे लोकांच्या लक्षात राहिले, आणि अनंत पै, कारण ते तेव्हा टाइम्समध्ये ह्याच कामात होते आणि 1967 ला त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली.

खरी मजा नावांची. मूळ खुन्याचं नाव रामा. आता भारतात छापायच्या पुस्तकात रामा नावाचा खुनी कसा चालेल, तर त्याचा रामालू केला. सिंग नावाची चाच्यांची टोळी होती तिची सिंगा झाली, आणि वेताळ राहतो त्या बंगाला देशाचं झालं डेंकाली. आम्ही लहानपणी नकाशात डेंकाली शोधायचो, आता काय बोलणार.

मराठीत फँटमचा वेताळ झाला, आणि हे ज्याने कुणी सुचवलं त्याला सलाम, कारण मूळ इंग्रजीत त्याला चालणारं भूत म्हणतात आणि आपल्या कोकणात आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. म्हणजे रानात गस्त घालणारं, लोकांचं भलं करणारं भूत आपल्याला नवीन नव्हतंच, फक्त जांभळे कपडे नवीन.

पहिले 32 अंक नुसता फँटम. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी वगैरे मंडळी आली, आणि 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर, हा मात्र पूर्ण इथला, बाप डाकू आणि मुलगा डाकूंच्या विरोधात. त्याची चित्रंही गोविंदांचीच, म्हणजे पहिल्या अंकाच्या कव्हरवाला माणूस बारा वर्षांनी आतल्या पानांत आला.

1990 ला सगळं बंद झालं. नंबर गेला 805 पर्यंत, पण अंक निघाले 803, कारण टाइम्समधल्या संपामुळे 123 आणि 124 छापलेच नाहीत. त्यामुळे कुणी 'पूर्ण सेट आहे, 805 अंक' म्हणून विकायला आला तर दोन अंक आधी बघायला मागा.